पंधरा वर्षांची गाडी, जाम झालेला वायपर आणि पासिंगची तारीख

१३ जुलै २०२४ ला आमच्या गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षं पुरी होत होती. त्यापुढे गाडी चालवायची तर पुन्हा पासिंग करून घ्यायचं, म्हणजे आरटीओच्या निरीक्षकासमोर गाडी उभी करायची. आणि त्याच्या दोन महिने आधी वायपर बंद पडला. वायपरबद्दल कुणालाही विचारलं की एकच उत्तर येतं, 'ब्लेड बदला.' आमच्या गाडीचं दुखणं ब्लेडमध्ये नव्हतंच. ते कुठे होतं, कसं सापडलं, किती पैसे लागले आणि पासिंगला काय काय करावं लागलं, हे सगळं क्रमाने लिहिते. जुनी गाडी सांभाळणाऱ्या कुणाच्या तरी कामी येईल.

गाडी साधी, पेट्रोलवर चालणारी हॅचबॅक. आम्ही साताऱ्यात राहतो, माझं माहेर चिपळूणला. उंब्रज, मल्हारपेठ, पाटण, हेळवाक आणि मग कुंभार्ली घाट, असा आमचा ठरलेला रस्ता. कोयनेच्या पट्ट्यातला पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. नवजाला एका पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथे गाडीच्या ब्रेकइतकाच वायपरवर जीव अवलंबून असतो, असं मला मनापासून वाटतं.

१२ मेच्या रविवारी दुपारी आम्ही चिपळूणहून निघालो. शिरगाव, पोफळी मागे पडेपर्यंत कडक ऊन होतं. घाट अर्धा चढलो आणि वळवाने गाठलं. धुळीनं भरलेल्या काचेवर पहिले थेंब पडले की जो चिखल होतो, तो काढायला वायपर दोनतीनदा फिरला, मग जड झाला आणि काचेच्या मधोमध थांबला. बटण बंद करून पुन्हा लावलं तरी हलेना. यांनी इंडिकेटर चारही लावले, गाडी डोंगराच्या बाजूला रुंद जागा बघून घेतली आणि आम्ही थांबलो. समोरचं काहीही दिसत नव्हतं. मागच्या सीटवर सासूबाई देवाचं नाव घेत होत्या आणि मला भीती एकाच गोष्टीची होती, मागून येणाऱ्या ट्रकला आम्ही दिसतोय का.

थोड्या वेळाने एक ट्रक थांबला. ड्रायव्हरदादा खाली उतरले, खिशातून तंबाखूची पुडी काढली आणि ओल्या काचेवर तंबाखू चोळला. "ताई, एवढ्यावर हेळवाकपातुर जाल. हळू चालवा." पाणी थेंब थेंब न राहता काचेवर सपाट पसरायला लागलं आणि धूसर का होईना, रस्ता दिसू लागला. कापलेला बटाटा चोळूनही असंच होतं म्हणतात. हा उपाय थोडा वेळच टिकतो आणि नुसत्या पावसापुरताच, समोरून गाडी चिखल उडवून गेली की संपला. पण घाटात अडकल्यावर त्या थोड्या वेळाची किंमत कळते. आम्ही त्यांना पैसे देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत.

हेळवाकच्या अलीकडे वायपर आपोआप सुरू झाला. घरी येईपर्यंत चालला. त्यामुळे सगळ्यांचं मत पडलं, 'वायर लूज असेल.' खरं कारण पुढे कळलं. पुष्कळ वायपर मोटरींमध्ये एक छोटी संरक्षक पट्टी असते. मोटरवर जास्त ताण आला, ती तापली, की ही पट्टी वीज तोडते. मोटर गार झाली की पट्टी पुन्हा जुळते. म्हणजे मध्येच थांबून काही मिनिटांनी आपोआप सुरू होणारा वायपर बहुतेकदा सांगत असतो की मोटरला ओढायला जड जातंय. फ्यूज उडत असेल तरी तेच. अशा वेळी जास्त अँपिअरचा फ्यूज कधीही घालू नका, वायरिंग जळेल.

सोमवारी फोन केला तर सर्व्हिस सेंटरची वेळ शनिवारची, १८ मेची मिळाली. तिथे त्यांनी बोनेट उघडलं, वायपर लावून पाहिला, बंद केला आणि अंदाजपत्रक हातात दिलं. मोटर आणि लिंकेज (वायपरच्या दांड्या मोटरला जोडणाऱ्या पट्ट्या) असा पूर्ण संच, मजुरी धरून ७,४०० रुपये. माल मागवायला आठवडाभर. मी विचारलं, मोटर खराब आहे हे कशावरून? उत्तर मिळालं की आम्ही सुटं काम करत नाही, संच बदलतो. त्यांची तशी पद्धत असेल, पण खराब काय झालंय हे न तपासता सात हजार द्यायला माझं मन होईना. तपासणीचे ३५० रुपये भरून गाडी घरी आणली. विम्याचंही विचारून घेतलं. झीज आणि गंज यांना कुठल्याच गाडीच्या विम्यात भरपाई नसते आणि आमच्या गाडीला तर फक्त थर्ड पार्टी विमा होता, त्यामुळे तो विषय तिथेच मिटला.

मग शेजारच्या वहिनींनी पोवई नाक्याजवळच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनचं नाव सुचवलं. साठीच्या पुढचे काका, एक लहानसं दुकान, हाताखाली एक मुलगा. २१ तारखेला सकाळी गाडी नेली. जो कुणी वायपरच्या दुरुस्तीला जाणार असेल त्याने त्यांनी केलेली तपासणी आधी करून घ्यावी, म्हणून ती नीट सांगते.

त्यांनी पहिल्यांदा फोनवर एक मिनिट लावून, काच ओली ठेवून, जलद वेगावर वायपरच्या फेऱ्या मोजल्या. अठ्ठावीस भरल्या. अमेरिकेच्या वाहन मानकात जलद वेगाला मिनिटाला किमान ४५ फेऱ्या लागतात, आपल्याला अंदाज यायला तो आकडा पुरे आहे. मग काकांनी मोटरच्या सॉकेटवर मीटर लावला. इंजिन चालू असताना पावणेचौदा व्होल्ट, म्हणजे वीज पोचत होती. अर्थची वायर सोडवून, तिचं टोक घासून पुन्हा कसली. फरक पडला नाही. आणि मग खरी परीक्षा. वायपरच्या दोन्ही दांड्या ज्या लोखंडी पट्ट्यांनी मोटरला जोडलेल्या असतात, त्या पट्ट्या मोटरपासून सोडवल्या आणि मोटर एकटी चालवली. ती भरभर, आवाज न करता फिरली.

"मोटर झ्याक हाय, ताई. हिला कशापायी बदलताय?" काका म्हणाले. मग त्यांनी माझा हात धरून सुट्या पट्टीवर ठेवला. "आता ही हलवून बघा." डावीकडची बोटाने हलत होती. उजवीकडची, म्हणजे ड्रायव्हरसमोरची, दोन्ही हातांनी जोर लावला तरी जेमतेम सरकली. त्या क्षणी मला फार हायसं वाटलं. पैसे वाचले हे आहेच, पण आठवडाभर जे 'काहीतरी वायरिंग' म्हणून डोक्यात घोळत होतं, ते माझ्या हाताला प्रत्यक्ष लागलं होतं.

कारण काचेखालची काळी प्लॅस्टिकची जाळी काढल्यावर दिसलं. आमच्या सोसायटीत गाडी शिरीषाच्या झाडाखाली उभी असते. शिरीषाची पानं इवलीशी, जाळीतून सरळ आत जातात. आत पानांचा कुजून झालेला काळा थर साचला होता, ओंजळी भरून निघाला. पाणी वाहून जायचं भोक त्यानं पूर्ण बुजलं होतं. पावसाचं आणि गाडी धुतल्याचं पाणी तिथेच उभं राहायचं आणि वायपरचा खुंटा त्यात भिजायचा. हा खुंटा म्हणजे ॲल्युमिनियमच्या नळीत फिरणारी पोलादी कांडी. तिच्यावरची रबरी रिंग फाटली, पाणी शिरलं, गंज धरला. दुसऱ्या टोकाला पट्टीच्या सांध्यातला नायलॉनचा बुश (आत बसणारी छोटी कडी) एका बाजूने घासून लंबगोल झाला होता. ब्लेड कधीकधी काचेच्या कडेला टक् करून आपटायचं, ते या ढिल्या बुशमुळे.

काम दोन टप्प्यांत झालं, कारण बुश आणि जाळीच्या क्लिपा पुण्याहून यायला वेळ लागला. इतक्या जुन्या गाडीच्या प्लॅस्टिक क्लिपा काढताना तुटतातच, तेव्हा त्या आधीच मागवून ठेवा, म्हणजे जाळी खडखडत फिरावं लागत नाही. वायपरची दांडी काढण्यापूर्वी काकांच्या हाताखालच्या मुलाने काचेवर ब्लेडच्या जागी चिकटपट्टीची खूण केली आणि काचेवर जाड टॉवेल घडी करून टाकला. हा टॉवेल घरी ब्लेड बदलतानाही टाकाच. ब्लेड नसलेली दांडी स्प्रिंगच्या जोराने काचेवर आपटली तर काच तडकते. दांडी गंजानं धरून बसली होती. तिच्या मुळाशी गंज सोडवायचा स्प्रे मारून अर्धा तास ठेवली, मग डावी-उजवीकडे हलवत सोडवली. हातोडी अजिबात वापरली नाही. खालची नळी ॲल्युमिनियमची, घावानं फुटते आणि मग खरोखरच पूर्ण संच घ्यावा लागतो.

खुंट्याचं लॉक काढून कांडी बाहेर घेतली, बारीक पॉलिश पेपरने गंज साफ केला, नळी आतून पुसली, ग्रीस भरलं आणि नवी रबरी रिंग बसवली. १ जूनच्या शनिवारी बुश बसले आणि सगळं परत जोडलं. इथे एक गोष्ट काकांनी दोनदा बजावली. दांड्या बसवण्याआधी मोटर एकदा चालू करून बटणानेच बंद करायची. म्हणजे मोटर तिच्या थांबायच्या जागी येते. मगच खुणेवर दांड्या बसवायच्या. तसं केलं नाही तर वायपर काचेच्या मधोमध थांबतो किंवा फिरताना काचेबाहेर जातो.

पुन्हा मोजलं. मिनिटाला बासष्ट फेऱ्या. काकांची मजुरी ९००, बुश-रिंग-ग्रीस २२०, क्लिपा १२०.

नवी ब्लेडं त्याच दिवशी घेतली, जोडी ६४० रुपयांना. दुकानात गाडीचं नाव सांगून मिळालेलं ब्लेड डोळे झाकून घेऊ नका, टेपने जुनं मोजून न्या. दोन्ही बाजूंची लांबी बहुतेक गाड्यांत वेगळी असते आणि एखादा इंच जास्त झाला तर दोन ब्लेडं एकमेकांत अडकतात. दांडीचं टोक कसं आहे तेही बघून घ्या, जुन्या गाड्यांना बहुधा आकड्यासारखं वळलेलं असतं. सांगाडा चांगला असेल तर नुसतं रबर बदलून मिळतं, ते फार स्वस्त पडतं. आमच्या सांगाड्याचे सांधे गंजले होते म्हणून पूर्ण घेतलं.

आणि नवी ब्लेडं थरथरायला लागली! काचेवर टर्र टर्र आवाज, पाण्याच्या आडव्या रेघा. इथे बरेच जण ब्लेड परत करायला जातात. काकांनी दोन कारणं सांगितली आणि आमच्याकडे दोन्ही होती. एक म्हणजे काचेवर तेलकट थर. डिझेलचा धूर, धुताना लावलेलं पॉलिश, सगळं मिळून तो बसतो आणि साध्या धुण्यानं जात नाही. घरी आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन काच पुसली, कापड काळं निघालं. पाणी ओतल्यावर ते गोळे न होता सरळ उतरायला लागलं तेव्हा थांबले. रबराला मात्र रॉकेल, पेट्रोल, डिझेल काही लावू नका, रबर फुगून खराब होतं. ओल्या कापडानं कड पुसली की पुरे. दुसरं कारण दांडीचा पीळ. ब्लेड काचेला काटकोनात उभं राहायला हवं, म्हणजे जाताना रबर एका बाजूला कलतं आणि येताना दुसऱ्या. दांडी पिळलेली असेल तर ते कलंडत नाही, ढकललं जातं आणि उड्या मारतं. काकांनी दांडीला कापड गुंडाळून पान्याने किंचित पीळ दिला. टर्र टर्र थांबली.

ड्रायव्हरच्या बाजूला काचेवर एक जुना कमानदार ओरखडा आहे, तो तसाच ठेवलाय. हलका धूसरपणा सेरियम ऑक्साइडने (काच घासायची पावडर) घासून जातो. पण नख अडकेल इतका खोल ओरखडा घासायला गेलं तर काच तिथे खोलगट होते आणि रात्री समोरच्या दिव्यांत रस्ता वाकडा दिसतो.

एवढं होईपर्यंत पासिंगचं काम सुरू झालेलं होतं. नोंदणी संपायच्या आधी साठ दिवसांपर्यंत अर्ज करता येतो, त्याआधी नाही. म्हणजे आमच्यासाठी मेच्या मध्यापासून. परिवहनच्या संकेतस्थळावर फॉर्म २५ भरून २७ मेला पैसे भरले. मोटारीच्या नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये होती. त्याशिवाय पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल मोटारीला पाच वर्षांचा पर्यावरण कर तेव्हा ३,००० रुपये होता. कार्ड आणि टपालाचे किरकोळ वेगळे. आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, आधार आणि चासिस नंबरचा पेन्सिलने घासून घेतलेला ठसा, एवढे कागद लागले. चलन थकलेलं असेल तर ते आधी भरून टाका. आमची पीयूसी सहा महिन्यांची असते. ती ऐन तपासणीच्या आठवड्यात संपत होती, म्हणून आधीच नवी काढली. ही तारीख प्रत्येकाने बघावी, कारण अर्ज करताना चालू असलेली पीयूसी तपासणीच्या दिवशी संपलेली असू शकते.

तपासणीची तारीख मिळाली १९ जून, बुधवार. त्याच्या आदल्या रविवारी घरी सगळं चालवून पाहिलं तर काचेवर पाण्याची चिळकांडी येईना. पंपाचा आवाज येत होता, पण पाणी नाही. टाकीत आम्ही बोअरचं पाणी घालतो, त्याच्या क्षारांनी दोन्ही भोकं बुजली होती. टाचणीने अलगद मोकळी केली, टाकीत व्हिनेगर आणि पाणी मिसळून थोडा वेळ ठेवलं, मग साध्या पाण्याने धुऊन काढलं. आता त्यात आरओचं पाणी घालतो आणि थोडंसं वायपरचं लिक्विड. कपड्यांची पावडर घालू नये, तळाशी बसते आणि पुन्हा तेच.

आरटीओत सकाळी दहाला पोचलो, रांग होती, नंबर साडेबाराच्या सुमारास आला. पोटात गोळा आला होता हे खरं. निरीक्षकांनी आधी चासिस नंबर ताडून पाहिला, मग दिवे, इंडिकेटर, हॉर्न, ब्रेक, टायर. आणि मग म्हणाले, "वायपर लावा. पाणी मारा." केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०१ क्रमांकाचा नियम वायपरचाच आहे, त्यामुळे ही बाब कुणी मेहेरबानी म्हणून सोडून देईल असं धरून चालू नका. वायपर फिरला, काच एका फेरीत स्वच्छ झाली, त्यांनी मान हलवली आणि पुढच्या गाडीकडे गेले. सगळी तपासणी काही मिनिटांची. मंजुरीचा संदेश त्याच आठवड्यात फोनवर आला, कार्ड जुलैच्या अखेरीस टपालाने.

त्या पावसाळ्यात चिपळूणच्या वाऱ्या नेहमीसारख्या झाल्या. एक सवय मात्र लागलीय. दर रविवारी जाळीवरची पानं हाताने उचलायची, रबराची कड ओल्या फडक्याने पुसायची आणि काच कोरडी असताना वायपर कधीच लावायचा नाही. जाळीच्या कोपऱ्यात तांब्याभर पाणी ओतून ते पुढच्या चाकामागून खाली पडतंय का तेही पाहते. पडलं नाही तर समजायचं भोक बुजलंय. गाडी शिरीषाखालीच असते, सोसायटीत दुसरी जागा नाही.

२०२५ च्या मे महिन्यात, वळवाच्या आधी, काकांकडे जाऊन जाळी काढली, पानं साफ केली, खुंट्यांना ग्रीस दिलं आणि फक्त रबर बदललं. सांगाडे अजून चांगले आहेत. मिनिटाला साठ फेऱ्या भरल्या. क्लिपा याही वेळी दोन तुटल्या, पण तेव्हा जादा पाकीट गाडीतच होतं.